म्हातारं कुत्रं घरी आणताना: कोल्हापुरातल्या नव्या फोस्टर घरांसाठी

पिल्लाला घर मिळायला एक चांगला फोटो पुरतो. दहा वर्षांच्या लॅब्रेडॉरचं तसं होत नाही. विचारणारा आधी विचारतो, "अजून किती वर्षं जगेल?" मग विचारतो, "महिन्याला खर्च किती?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याबद्दल पहिल्या दिवशी त्यांची उत्तरं कुणाकडेच नसतात. ती महिना-दोन महिने त्या कुत्र्यासोबत राहिलेल्या घराकडे असतात. म्हणून फोस्टरचं, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्र्याला तात्पुरतं सांभाळणाऱ्या घराचं, निम्मं काम त्याला खाऊ-पिऊ घालणं, आणि उरलेलं निम्मं त्याच्याबद्दल खरी, पडताळलेली माहिती जमवणं. दया सगळ्यांनाच येते. घर मिळतं ते माहितीवर.

पहिल्यांदाच हे काम अंगावर घेणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितोय.

१. उचलायचं की नाही, हे आधी ठरवा

गल्लीत जन्मलेलं, गल्लीतच म्हातारं झालेलं, चार घरांतून भाकरी मिळणारं कुत्रं सुखात असतं. कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला नसबंदी आणि लसीकरणानंतर त्याच्याच भागात परत सोडायचं असतं. त्याला उचलून फ्लॅटमध्ये कोंडणं म्हणजे उतारवयात त्याचं गाव सोडवणं. दुखणं असेल तर उपचार जागेवर करा आणि तिथंच राहू द्या.

फोस्टरची गरज लागते ती घरातून बाहेर पडलेल्यांना. आजी गेल्यावर पेठेतल्या घरात नकोसं झालेलं पॉमेरियन, मालकाची बदली झाल्यावर मागे राहिलेलं लॅब, पिल्लं काढून काढून खंगलेली आणि मग रस्त्याला लावलेली मादी, पळायचं थांबलं म्हणून सोडलेलं कारवानी. यांना रस्ता ओलांडता येत नाही, उकिरड्यावर तोंड घालता येत नाही, आणि गल्लीतली टोळी त्यांना टिकू देत नाही. कारवानीबद्दल एक सूचना: ही जात मुळातच सडपातळ. बरगड्या दिसल्या म्हणजे उपाशीच आहे असं समजून भसाभस खायला घालू नका.

लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, भुंकण्याचा आवाज बदललाय, तोल जातोय, दिसेल त्याला चावतंय, यातलं काही दिसलं तर जवळ जाऊ नका. रेबीजची शंका धरा आणि महापालिकेला कळवा. हे काम नियमित करणार असाल तर स्वतः आधीच रेबीजची प्रतिबंधक लस घेऊन ठेवा. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआर (सरकारी रुग्णालय) गाठा. हळद, चुना, मिरचीपूड काही लावायचं नाही. "म्हातारं आहे, दात कुठले त्याला" हे ऐकून गप्प बसायचं नाही.

२. मालक शोधा, मग कागद करा

सापडलेलं प्रत्येक कुत्रं सोडलेलंच असतं असं नाही. दिवाळीच्या फटाक्यांत बिथरून पळालेली म्हातारी कुत्री राजारामपुरीतून थेट उचगावपर्यंत जातात आणि ऐकू येत नसल्यामुळे हाकेलाही परत फिरत नाहीत. म्हणून गळ्यातला पट्टा बघा, डॉक्टरकडे स्कॅनर असेल तर मायक्रोचिप तपासा (खांद्यांच्या मध्ये असते, १५ आकडी नंबर निघतो), आणि फोटो आसपासच्या ग्रुपवर टाका. मात्र फोटोत एक खूण झाकून ठेवा. पोटावरचा डाग, तुटलेला दात, काहीही. "माझाच आहे" म्हणणाऱ्याला तीच विचारायची. जातिवंत कुत्र्यावर खोटा हक्क सांगणारे येतात, वय झालं असलं तरी.

मालक स्वतः आणून देत असेल तर तोंडी व्यवहार करू नका. साध्या कागदावर चालेल, पण त्यात एवढं हवं:

- मालकाचं नाव, पत्ता, फोन आणि ओळखपत्राची प्रत
- "मी हे कुत्रं स्वेच्छेने कायमचं देत आहे" असं एक वाक्य, तारीख, सही
- लसीकरणाचं जुनं पुस्तक, आधीच्या डॉक्टरचं नाव
- आजवर कुणाला चावलं का, कधी, कुठल्या प्रसंगात
- चालू औषधं आणि शेवटचा माज कधी आला होता (मादी असेल तर)

चाव्याबद्दल लोक हमखास लपवतात. "कधी चावलं?" असं न विचारता "जेवताना ताटाला हात लावला तर काय करतं?" असं विचारा, खरं उत्तर येतं. मालकाला ओरडू नका. आणून देतोय ही मोठी गोष्ट आहे, बाकीचे रात्री हायवेला सोडून जातात. तसं सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड १० ते ५० रुपये लिहिलाय. पन्नास रुपयांत आज एक चहा-वडा येतो, तेव्हा कायद्याचा धाक दाखवून मालक सुधारेल अशी आशा धरू नका.

३. घर आणि कुत्रं जुळवा

"आमच्याकडे जागा आहे" एवढ्यावर म्हातारं कुत्रं पाठवायचं नाही. लॅबचं वजन ३० किलो. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ते दिवसातून चार वेळा कोण चढवणार? शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांचे जिने उभे आणि अरुंद, तिथं पॉमेरियन बिनधास्त काखेत मारून नेता येतं, शेफर्ड नाही. घरात दोन वर्षांचं पोर असेल तर आंधळं, बहिरं कुत्रं नको. झोपेत अंगावर हात पडला की ते दचकून दात लावतं, त्यात त्याचा दोष नसतो.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी आधी. सोसायटीत राहत असाल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत जवळ ठेवा. पाळीव प्राण्यांवर बंदी घालणारा ठराव सोसायटीला करता येत नाही, बहुमत असलं तरी. पण कागद शेवटी काढा. आधी खालच्या काकूंना जाऊन सांगा की कुत्रं महिना-दोन महिने आहे, म्हातारं आहे, भुंकत नाही.

सामान फार लागत नाही:

- जाड गादी किंवा दोन-तीन गोधड्या, वर धुता येईल असं कापड
- फरशीवर टाकायला सतरंज्या, गोणपाट, जुनी योगा मॅट
- गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, आणि एक मऊ मुसकी
- थर्मामीटर, स्वयंपाकघरातला मापाचा पेला, वही
- जुनी वर्तमानपत्रं भरपूर

यातली फरशीची गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. गुडघे आणि खुबे झिजलेलं कुत्रं चकचकीत फरशीवर उठताना मागच्या पायांनी फाकतं. असं एक-दोनदा पडलं की ते उठायचंच टाळतं, मग बसल्याजागी लघवी होते आणि घरचे म्हणतात, "याला लागलेली सवय जाणार नाही." गादीपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत सतरंज्यांची वाट घालून द्या.

खर्च कोण करणार, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, रात्री दोनला काही झालं तर कुणाला फोन करायचा, आणि फोस्टरला जमेनासं झालं तर कुत्रं किती दिवसांत परत घेणार, हे तुम्हाला कुत्रं सोपवणाऱ्या गटाकडून लेखी घ्या. सगळ्यात जास्त भांडणं या चार मुद्द्यांवर होतात.

४. पहिला थांबा डॉक्टरकडे

आंघोळ नंतर. आधी तपासणी. दातांवरून वयाचा नुसता अंदाज येतो, "आठ ते अकरा" असा पट्टा मिळेल, तोच लिहा. डोळ्यांत निळसर झाक दिसली की सगळे मोतीबिंदू म्हणतात. सहा-सात वर्षांनंतर बुबुळामागचं भिंग घट्ट होऊन अशी झाक येतेच, नजर बरीचशी शाबूत असते. पांढरा, दुधाळ डाग तो मोतीबिंदू. दत्तक देताना या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, म्हणून डॉक्टरांकडून लिहून घ्या.

रक्ताची तपासणी टाळू नका: रक्तपेशी, प्लेटलेट, लिव्हर, क्रिएटिनिन. किडनी साधारण तीन चतुर्थांश निकामी झाल्यावर क्रिएटिनिन वाढतं, त्यामुळे ते नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, सोबत लघवीची तपासणी करा. प्लेटलेट कमी, हिरड्या फिकट, नाकातून रक्त असेल तर गोचीडतापाची शंका धरा. त्याचा डॉक्सीसायक्लिनचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी कुत्रं जेवायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, मग तोच ताप परत उलटतो.

मादी असेल आणि नसबंदी झालेली नसेल तर जास्त सावध. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत पाणी खूप पिणं, पोट फुगणं, जेवण सुटणं, मागून पू येणं ही गर्भाशयात पू झाल्याची लक्षणं. काही वेळा पू बाहेर येतच नाही, तो प्रकार अधिक घातक. ऑपरेशन त्याच दिवशी लागतं. स्तनांवरच्या गाठीही हाताने चाचपून बघायला सांगा.

घरच्या औषधांचा मोह सोडा. माणसाची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला विष ठरू शकते. खरजेला गाडीचं काळं ऑईल लावायचा उपाय अजून सर्रास सांगितला जातो, ते कातडीतून आणि चाटून पोटात जातं. म्हशीवर मारायचं गोचिडाचं औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्यावर ओतणं हाही तसलाच प्रकार.

लस, जंताचं औषध, नसबंदी यांचा क्रम डॉक्टर ठरवतील. अशक्त कुत्र्याला पहिल्याच दिवशी सगळं टोचून घेण्याचा आग्रह धरू नका. घरात दुसरं कुत्रं असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांवर ठेवा.

५. पहिले काही दिवस: काहीच करू नका

पाहुणे बोलवू नका, फोटो काढायला गर्दी नको, मांडीवर ओढून घेणं नको. एक कोपरा, पाणी, ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी बाहेर. म्हातारं कुत्रं दिवसातला बहुतेक वेळ झोपतं, त्याला उदास समजू नका. उलट रात्री खोलीत गोल गोल फिरणं, भिंतीकडे बघत उभं राहणं, ओळखीच्या दाराच्या चुकीच्या बाजूला थांबणं हे बुद्धीच्या झिजेचं लक्षण असू शकतं. त्याला ओरडून उपयोग नाही, रात्री एक छोटा दिवा चालू ठेवा आणि सामान हलवू नका. बहिऱ्या कुत्र्याला उठवायचं तर आधी फरशीवर पाय आपटा, हादरा कळतो.

६. वही: खरं काम इथं आहे

रोज रात्री पाच मिनिटं. ठरलेले आकडे आधी:

*पाणी.* सकाळी मोजून ठेवा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलीपेक्षा जास्त पीत असेल, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला दोन लिटरच्या वर, तर किडनी, मधुमेह किंवा मादीच्या गर्भाशयाचा विचार डॉक्टरांनी करायला हवा.

*झोपेतला श्वास.* गाढ झोपलेलं असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजा. ३० च्या आत असावं. लागोपाठ दोन-तीन दिवस त्याच्या वर गेलं आणि सोबत खोकला असेल तर हृदयाची तपासणी. पॉमेरियनसारख्या लहान जातींत उतारवयात हृदयाची झडप गळते, ते बहुधा या आकड्यातच आधी दिसतं.

*वजन.* आठवड्याला एकदा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग स्वतःचं वजा करा.

आकड्यांनंतर स्वभाव. इथं "प्रेमळ आहे" असं लिहिलं तर वही फुकट गेली. असं लिहा: "दूधवाल्याला भुंकलं, नंतर गप्प. मांजर दिसलं, उठलं नाही. कुकरच्या शिट्टीला घाबरतं. नखं कापताना गुरगुरलं, तोंडाला मुसकी लावल्यावर कापू दिली. एकटं दोन तास ठेवलं, रडलं नाही. रिक्षात बसतं. लघवी रात्री एकदा होते, कागदावरच करतं." अशी पानभर वाक्यं वाचून एखादं कुटुंब ठरवू शकतं की हे आपल्याला झेपेल. खोड लिहायला कचरू नका. लपवलेली खोड चार दिवसांत उघडी पडते आणि कुत्रं परत येतं, आणि परत आलेलं म्हातारं कुत्रं आधीपेक्षा अवघड होऊन बसतं.

७. जेवण

मऊ शिजवलेला भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, थोडा भोपळा किंवा गाजर, किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं तयार खाद्य. उपाशी आलेल्याला एकदम भरपेट नको, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. किडनीचा त्रास निघाला तर आहार डॉक्टर बदलतील.

आता कोल्हापूरची खास अडचण. रविवारी घरात मटण असतं, आणि उरलेला रस्सा-भात कुत्र्याच्या ताटात जातो. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि आपल्या रश्शात तर तेच वाटून घातलेलं असतं. तांबडा नको, पांढराही नको. शिजलेली हाडं नकोत, ती टोकदार तुटतात. तासगावचे बेदाणे डब्यात झाकून ठेवा, द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. घरातल्या आजोबांना हे तीनदा सांगावं लागेल. तरी ते टेबलाखालून देतीलच, म्हणून जेवणाच्या वेळी कुत्रं दुसऱ्या खोलीत.

८. पावसाळा आणि मिरवणुका

जुलै-ऑगस्टमध्ये गादी वाळत नाही, सांधे आखडतात, जखमांत अळ्या होतात. अंग रोज बोटांनी चाचपा, विशेषतः शेपटीखाली आणि कानामागे. उंदरांच्या लघवीने बाधलेल्या साचल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, तो माणसालाही होतो, तेव्हा डबक्यातून चालवू नका.

पंचगंगेच्या काठच्या, पूर येणाऱ्या भागात फोस्टर असेल तर पर्यायी घर जूनमध्येच ठरवून ठेवा. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. माणसं ४३ ची वाट बघतात. न चालता येणारं कुत्रं ३९ लाच हलवा, कारण नंतर बोटीत जागा माणसांना लागते.

गणपतीच्या मिरवणुकीतल्या साउंड सिस्टीमने खिडक्या थरथरतात, हृदयाचं दुखणं असलेल्या कुत्र्याचं काय होत असेल ते बघा. मिरवणुकीच्या मार्गावर राहत असाल तर त्या दोन दिवसांसाठी कुत्रं कळंबा-फुलेवाडीकडच्या दुसऱ्या फोस्टरकडे पाठवा. दिवाळीसाठी शांत करणारं औषध लागणार असेल तर ते आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून एकदा देऊन बघा, आयत्या वेळी नाही.

९. घर शोधताना

जाहिरातीत तीन फोटो: उभं, बसलेलं, माणसाच्या शेजारी (उंची कळते). एक छोटा चालतानाचा व्हिडिओ, लंगडत असेल तर लंगडताना. वय, दुखणी, चालू औषधं, महिन्याचा औषधाचा खर्च, वहीतल्या खऱ्या पाच-सहा ओळी. "नाहीतर उद्या मरेल" छापाचं लिहू नका, त्याने फोन खूप येतात आणि घर एकही नसतं.

फोन आल्यावर कान टवकारायचे ते अशा वाक्यांना:

- "रानात राखणीला पाहिजे." म्हणजे साखळी, पत्र्याचं खोपटं, आणि आठवड्याला दोन भाकऱ्या टाकणारा गडी.
- "मादी आहे का? नसबंदी नको करू." पिल्लं काढणारा.
- "बाबांना वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय." बाबांशी बोलल्याशिवाय नाही.
- "आजच घेऊन जातो." जाऊ द्या, उद्या फोन येतो का बघा.

निवृत्त जोडपी म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी फार चांगली घरं असतात. दोघांची चाल सारखी असते, दुपारची झोप सारखी. पण त्यांच्या आजारपणात कुत्र्याकडे कोण बघणार, हे विचारा, आणि तो मुलगा किंवा मुलगी पुण्याला असेल तर त्यांच्याशी फोनवर स्वतः बोला.

घर प्रत्यक्ष बघा. झोपायची जागा कुठे, गेट बंद होतं का, घरातले सगळे राजी आहेत का. चहा घेताना घरातली जी व्यक्ती गप्प बसलीय तिला विचारा, खरा नकार तिच्याकडेच असतो.

१०. सोपवणं

लागणारे कागद: दत्तक करारपत्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, भाड्याचं घर असल्यास घरमालकाचं संमतीपत्र, लसीकरण पुस्तक, तपासण्यांचे रिपोर्ट, आणि तुमच्या वहीची प्रत. करारात तीन गोष्टी ठळक: पिल्लं काढायची नाहीत, दुसऱ्याला परस्पर द्यायचं नाही, जमलं नाही तर परत आमच्याकडेच. कुत्र्याच्या परवान्याची चौकशी महापालिकेत करायला सांगा.

आधी दोन-तीन आठवडे चाचणीवर द्या. सोबत त्याची न धुतलेली गोधडी आणि आठवड्याचं खाद्य. पुण्याला जाणार असेल तर रस्त्याने न्या, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरमध्ये दर दोन तासांनी उतरवून पाणी, लघवी. रेल्वेत पहिल्या वर्गाचं कूपे मिळालं तर ठीक, पण म्हाताऱ्या कुत्र्याला ब्रेक व्हॅनच्या पेटीत घालू नका.

दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने फोन. "कसं आहे?" विचारलं की "मजेत" हेच उत्तर येतं. "आज सकाळी किती खाल्लं?" असं विचारा.

११. घर मिळालंच नाही तर

काहींना मिळत नाही. किडनी शेवटच्या टप्प्यात, गाठ पसरलेली, अशा कुत्र्याची जाहिरात करण्यातही अर्थ नसतो. त्याला कायमचं फोस्टर म्हणून एका घरात ठेवा आणि खर्च गटाने वाटून घ्या. गटात सामील होतानाच विचारून घ्या की अशी किती कुत्री गट सांभाळू शकतो, नाहीतर तरुण कुत्र्यांच्या गर्दीत यांच्या औषधाचे पैसे आधी थकतात.

वहीत इथंही एक रकाना आखा: आज जेवलं का, स्वतः उठलं का, घाण अंगाखाली राहिली का, ओळखीच्या माणसाला शेपटी हलवली का. चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त दिसायला लागले की पान डॉक्टरांपुढे ठेवा. भूल देऊन वेदनेशिवाय निरोप देण्याचा निर्णय डॉक्टर, फोस्टर आणि गट यांनी मिळून घ्यायचा. ग्रुपवर मतदान घ्यायचं नाही. दफनाची जागा किंवा सोय आधीच माहीत करून ठेवा, रात्री अकराला ती शोधत फिरणं वाईट.

पुढचं कुत्रं आणण्याआधी गाद्यांचं कापड गरम पाण्यात, भांडी साबणाने, फरशी पातळ केलेल्या ब्लीचने धुऊन कोरडी करा. ब्लीचसोबत फिनाईल मिसळू नका. आणि नव्यासाठी वही नवी घ्या, जुनी तशीच ठेवा. दत्तक घेतलेल्या घराचा फोन वर्षभराने येतो, "मागच्या वेळी याला कुठली गोळी लागू पडली होती?"